उलाळ गाडी आणि डबल ट्रॉली

मित्रांनो, कॅराव्हॅन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांना 'स्वदेस' (२००४) आठवेल. नासामधला मोहन भार्गव चाकांवरचं घर घेऊन एका खेड्यात येतो आणि सगळं गाव त्या गाडीभोवती गोळा होतं. या सिनेमाचं शूटिंग आपल्याच महाराष्ट्रात, वाईजवळच्या मेणवलीत झालं होतं. ती कॅराव्हॅन मात्र स्वतःच्या इंजिनावर चालणारी. युरोपात आणि इंग्लंडमध्ये लोक जी कॅराव्हॅन सुट्टीत घेऊन जातात, ती बहुतेक वेळा कारच्या मागे हूकला जोडून ओढलेली असते. आत गादी, गॅस, भांडी, मुलांची खेळणी, सगळा संसार. आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. म्हणजे आता हा शब्द आपल्याकडेही आला म्हणायचा!

पण मला विचाराल तर कॅराव्हॅन आमच्याकडे कधीपासूनच आहे. मी सास्तूरची. लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे आमच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात. मागे एक नाही, दोन ट्रॉल्या. त्यात कोपी उभारायच्या चटया आणि बांबू, पत्र्याच्या पेट्या, पाण्याची घागर, चूल, कोंबड्या, कधी एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसं, शाळा सोडून निघालेली पोरं. ऊसतोड कामगारांचा सहा महिन्यांचा संसार चाकांवर निघालेला असतो. ही आपली कॅराव्हॅन! फरक एवढाच, की तिकडचे लोक हौसेने निघतात आणि हे लोक पोटासाठी.

आणखी एक फरक आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे. तिकडे कारच्या मागे कॅराव्हॅन जोडायची तर वजन किती, कुठे ठेवायचं, ब्रेक कसा असावा, वेग किती असावा, याचे नियम घरटी माहीत असतात. आपल्याकडे त्यापेक्षा कितीतरी जड ओझं रोज रात्री रस्त्यावरून जातं आणि त्याचं वजन आपण फक्त एकाच ठिकाणी करतो : कारखान्याच्या काट्यावर. तेही पैसे काढण्यासाठी!

आधी थोडं मेकॅनिक्स

घाबरू नका, सेमिस्टरचा पेपर नाही. पण मुद्दा कळण्यासाठी एवढं लागेल.

ओढली जाणारी गाडी रस्त्यावर स्थिर का राहते? पहिली गोष्ट म्हणजे वजनाची जागा. एका अ‍ॅक्सलच्या कॅराव्हॅनमध्ये वजन अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे असावं लागतं, म्हणजे हूकवर थोडा भार येतो. इंग्लंडमध्ये साधारण नियम असा, की भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हूकवर यावा. अमेरिकेत तोच आकडा १० ते १५ टक्के सांगतात. हा भार कमी पडला आणि शेपूट जड झालं, की कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झुलायला लागते. वेग वाढला की झुलणं वाढतं. एका ठराविक वेगानंतर ते आपोआप थांबतच नाही, उलट प्रत्येक झोक्यागणिक मोठं होत जातं आणि शेवटी कारलाही घेऊन पडतं. व्हायब्रेशनच्या तासाला आपण डॅम्पिंग शिकतो ना, हे तेच. वेग वाढेल तसं डॅम्पिंग कमी होत जातं.

दुसरी गोष्ट, जड सामान दोन्ही टोकांना ठेवायचं नाही, अ‍ॅक्सलच्या आसपास आणि खाली ठेवायचं. टोकांना वजन ठेवलं की मोमेंट ऑफ इनर्शिया वाढतो. मग एकदा सुरू झालेलं झुलणं थांबवणं अवघड जातं. तिसरी गोष्ट, झुलायला लागलीच तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंगची ओढाताण करायची नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा.

आता गंमत सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची व्याख्या मला इंग्रजीतून तोंडपाठ होती. पण हे हूकवरच्या भाराचं प्रकरण मी अकरावीच्या सुट्टीत घरी वाचून दाखवलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "त्यात काय नवं हाय? गाडी उलाळ भरायची नसती, एवढंच की!"

उलाळ! बैलगाडी मागे जड झाली की पुढून उचलली जाते, जू वर जातं आणि बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो. ही उलाळ गाडी. फार पुढे भरली तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं आणि चालताना त्यांचे पाय दुमडतात. म्हणून गाडी भरणारा माणूस मधूनच धुरेला हात लावून ती किंचित उचलून बघायचा. थोडी जड लागली पाहिजे, फार नको. तिकडच्या कॅराव्हॅनवाल्यांकडे यासाठी वजनाचा खास काटा मिळतो. आमच्या आजोबांचा काटा म्हणजे त्यांचा हात आणि बैलांच्या माना.

सांगायचं हे, की स्थिरतेचं हे ज्ञान आपल्याकडे परदेशातून आलेलं नाही. ते आपल्या गावातच होतं. मग ते गेलं कुठे?

बैल गेला, मान गेली

बैल सांगायचा. गाडी चुकीची भरली तर बैल चालायचा नाही, बसायचा, मान झटकायचा. ट्रॅक्टर काही सांगत नाही. तो ओढत राहतो. पन्नास हॉर्सपॉवर आहे म्हटल्यावर ओढणारच! आपली सगळी फसगत इथेच होते. आपण ट्रॅक्टरची ताकद मोजतो ती ओढण्याची. पण रस्त्यावर ओढणं सोपं आणि थांबवणं अवघड असतं.

एक साधं गणित करू. समजा ट्रॅक्टर २.२ टनांचा आहे. मागे दोन ट्रॉल्या, उसासकट मिळून १६ टन. ट्रॉलीला ब्रेक नाहीत. (गावाकडच्या किती ट्रॉल्यांना चालू ब्रेक आहेत, ते तुम्हीच जाऊन बघा.) म्हणजे १८.२ टनांना थांबवायचं काम फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांचं. त्या चाकांवर ट्रॅक्टरचा दीड टन आणि हूकवरून आलेला एक टन, असा अडीच टन भार धरू. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर ब्रेकची ताकद फार तर दीड टन. दीड भागिले १८.२, म्हणजे ०.०८ जी. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने चाललेला नुसता ट्रॅक्टर याच हिशेबाने सुमारे ६ मीटरमध्ये थांबतो. डबल ट्रॉलीसकट त्याला ३० मीटर लागतात!

हे सपाट रस्त्यावर. आता वीस फुटाला एक फूट असा उतार घ्या. ३० मीटरचे ७५ मीटर होतात. आणि बाराला एक असा उतार आला तर उत्तर येतं : थांबणारच नाही. ब्रेक कितीही दाबा, चाकं लॉक होतील आणि मागचं ओझं ट्रॅक्टरला ढकलत नेईल. यात मी टायरचा रोलिंग रेझिस्टन्स धरलेला नाही, आणि ड्रायव्हरला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळही धरलेला नाही. एक थोडं कमी करेल, दुसरं थोडं वाढवेल. पण मुद्दा बदलत नाही.

मागचं ओझं ढकलायला लागलं की आणखी एक गोष्ट होते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जर एका रेषेत नसतील, तर जोडाच्या जागी दोन्ही कात्रीसारखे दुमडतात. ट्रॅक्टर आडवा फिरतो. त्यात ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात वळण्यासाठी. रस्त्यावर आलं की दोन्ही पॅडल पट्टीने जोडून घ्यायची असतात. ती पट्टी नाही जोडली आणि पाय एकाच पॅडलवर पडला, तर? एका चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर गर्रकन वळतो. शिवाय डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायची सवय. म्हणजे जो थोडाफार इंजिनचा ब्रेक मिळाला असता, तोही आपणच काढून टाकायचा!

आता दोन ट्रॉल्यांचं बघू. दोन-चाकी ट्रॉलीच्या मागे दुसरी दोन-चाकी ट्रॉली जोडली, तर दुसरीचा हूकवरचा भार कुठे पडतो? पहिलीच्या शेपटावर. म्हणजे दोन्ही ट्रॉल्या स्वतंत्रपणे अगदी शहाण्यासारख्या भरल्या असल्या, तरी जोडल्यावर पहिली उलाळ होऊ शकते. ती ट्रॅक्टरचा हूक वर उचलते, मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि वर मांडलेलं ब्रेकचं गणित आणखी बिघडतं. उलट, पुढची ट्रॉली फार पुढे भरली, तर हूक खाली दबतो आणि चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात. पुढची चाकं हवेत म्हणजे स्टिअरिंग नुसतं शोभेचं. चार-चाकी ट्रॉलीला हूकवर भार येत नाही, तो प्रश्न सुटतो, पण थांबवण्याचा प्रश्न तसाच राहतो. वळणावर दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा जास्त आत कापते. ड्रायव्हरने ट्रॅक्टर पुलावरून नीट काढला म्हणून शेवटची ट्रॉली नीट निघेलच असं नाही.

उंचावरचं वजन

आता आमच्या गावाविषयी थोडं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाट होत होती. सरकारी आकड्यांप्रमाणे जवळपास आठ हजार माणसं गेली. किल्लारीचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण सास्तूरही त्याच रात्री पडलं. आमच्या पिढीने फक्त नवं गाव पाहिलंय. जुन्या गावाच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो.

त्या गोष्टींमध्ये एक गोष्ट प्रत्येक घरात ऐकू येते. घरं माळवदाची होती. जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडावर रचलेला मातीचा थर. दरवर्षी गळू नये म्हणून वर आणखी माती. उन्हाळ्यात घर थंड राहायचं. पण सगळं वजन डोक्यावर होतं. भूकंपाने माणसं मेली म्हणतात, पण खरं तर माणसं मेली ती छताच्या आणि भिंतींच्या वजनाखाली. त्यानंतर आमच्याकडे घर कसं बांधायचं, कोपऱ्यांत काय घालायचं, छत कसलं, हे सगळं मोजून-मापून होऊ लागलं. वजन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं, हा धडा सास्तूरने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे.

म्हणून माझा प्रश्न असा आहे. घराच्या बाबतीत जे शिकलो, ते चाकांच्या बाबतीत का विसरलो?

उसाची ट्रॉली बघा. मोळ्या रचत रचत जातात. वजन वर वर चढतं. चाकांमधलं अंतर १.७ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून २ मीटर धरला, तर १२ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २५ किलोमीटरला ट्रॉली कलंडायला लागते. एका बाजूची चाकं साइडपट्टीवरून ३० सेंटीमीटर खाली उतरली, तर ट्रॉली १० अंश तिरकी होते आणि तोच आकडा १९ वर येतो. म्हणजे सायकलचा वेग! आणि आमच्या रस्त्यांवर समोरून एसटी आली की ट्रॉलीला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. ऊस अर्धा मीटर खाली ठेवला असता, म्हणजे गुरुत्वमध्य २ ऐवजी १.५ मीटरवर असता, तर सपाट रस्त्यावर २५ ऐवजी २९ पर्यंत मुभा मिळाली असती. हा फरक कागदावर लहान वाटतो. वळणावर तो फार मोठा असतो.

दोष कुणाचा?

अपघात झाला की आपण काय म्हणतो? "ड्रायव्हर टाइट होता." "टेप मोठ्याने लावला होता, मागचा हॉर्न ऐकूच आला नाही." "रिफ्लेक्टर नव्हता." या गोष्टी खोट्या नाहीत. त्या डेकच्या आवाजाचा मलाही राग येतो. रात्री अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून मोटरसायल आदळते, तेव्हा एक लाल पट्टी असती तर जीव वाचला असता, हेही खरंच आहे. पण सगळा दोष ड्रायव्हरवर टाकून आपण मोकळे होतो, ते मला पटत नाही.

जरा त्याच्या सीटवर बसून बघा. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला. टोळीसाठी मुकादमाला उचल दिलेली, तीही याच्याच डोक्यावर. भाडं मिळतं टनावर. फडात ऊस भरायला अर्धा दिवस, कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला कधी रात्र, कधी दुसरा दिवस. म्हणजे खेपा किती होणार, हे त्याच्या हातात नाही. मग त्याच्या हातात उरतं काय? एका खेपेत टन वाढवणं. आपण त्याच्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं. शेतकऱ्यालाही घाई असते. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं. कारखान्याला गव्हाण रिकामी राहू द्यायची नसते. प्रत्येकाचं गणित आपापल्या जागी बरोबर आहे, आणि सगळ्यांच्या बरोबर गणितांची बेरीज म्हणजे ती कललेली ट्रॉली.

काही जण म्हणतील, कायदा आहे की! आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार, अशी तरतूद आहे. पण फडातून कारखान्यापर्यंतच्या पंधरा-वीस किलोमीटरच्या आडवाटेवर कोण काटा घेऊन उभा राहणार? आणि एखाद्याला पकडून दंड केला तर तो दंड वसूल करायला पुढच्या खेपेत आणखी दोन मोळ्या जास्त भरेल! दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो येतात. चांगलंच आहे. पण रिफ्लेक्टरमुळे ट्रॉली दिसते. ती थांबत नाही.

काटा आहेच, तो वापरा

माझं म्हणणं अगदी सरळ आहे. प्रत्येक ट्रॉलीचं वजन होतंच. एकही खेप काट्यावरून गेल्याशिवाय राहत नाही. कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये कोणत्या गाडीने कोणत्या दिवशी किती टन आणले, याची नोंद असतेच. म्हणजे रस्त्यावर पोलीस उभे करायची गरज नाही. माहिती आधीच आहे, फक्त आपण ती एकाच कामाला वापरतो.

तर कारखान्यांनी प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी सुरक्षित वजनाची मर्यादा ठरवावी. ट्रॉली किती चाकांची, ब्रेक आहे की नाही, यावरून. त्या मर्यादेवर जो ऊस येईल, त्याचा शेतकऱ्याला भाव पूर्ण मिळावा, कारण त्याचा काही दोष नाही. पण मर्यादेवरच्या टनाला वाहतुकीचं भाडं मिळू नये. बस्स. ज्या क्षणी जादा टनाला भाडं बंद होईल, त्या क्षणी जादा भरण्यात कुणालाच रस राहणार नाही. ड्रायव्हरला भाषण द्यावं लागणार नाही.

पण एवढंच केलं तर तो अन्याय होईल, हे मला कळतं. त्याचं उत्पन्न कमी होईल. म्हणून मर्यादेच्या आतल्या टनाचा वाहतूक दर वाढवावा लागेल, आणि यार्डातली रांग कमी करावी लागेल, म्हणजे त्याच्या खेपा वाढतील. कुणाची गाडी कधी आत येणार हे मोबाइलवर कळवणं आज काही अवघड नाही. आपल्या कॉलेजची पोरं फेस्टची तिकिटं ज्या पद्धतीने काढतात, त्यापेक्षा हे सोपं आहे. खर्च वाढेल का? वाढेल. पण हा खर्च आत्ता होत नाही असं नाही. तो आत्ताही होतोच, फक्त तो कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही. तो रस्त्यावर ज्याचा माणूस जातो, त्याच्या घरात दिसतो.

दुसरी मागणी माणसांची. टोळी गावाहून येते आणि परत जाते, तेव्हा ती ट्रॉलीत सामानावर बसून जाऊ नये. सामान ट्रॉलीत, माणसं बसमध्ये. वर्षातून दोनदाच हा प्रवास असतो. ज्यांच्या कोयत्यावर अख्खा हंगाम उभा आहे, त्यांच्यासाठी दोन वेळा बस करणं कुणालाही जड जाऊ नये. युरोपातल्या कॅराव्हॅनमध्ये सगळा संसार असतो, पण गाडी चालू असताना त्यात माणसांनी बसायचं नसतं. माणसं पुढे कारमध्ये, पट्टा लावून. आपल्याकडे बरोबर उलटं आहे. जे सगळ्यात अस्थिर, त्याच्या सगळ्यात वरच्या टोकाला आपण लेकरं बसवतो.

आणि आपण?

तिसरी मागणी आपल्याकडेच आहे, मित्रांनो! आपण मेकॅनिकलवाले. दरवर्षी फायनल इयरचे प्रोजेक्ट होतात. किती प्रोजेक्ट बाजारातून विकत आणले जातात आणि व्हायव्हा झाल्यावर माळ्यावर जातात, हे मी सांगायला नको. त्याऐवजी ट्रॉलीच्या ब्रेकवर काम का करू नये?

युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक असावाच लागतो. छोट्या कॅराव्हॅनला जो ब्रेक असतो त्याला ओव्हररन ब्रेक म्हणतात. कल्पना अगदी सोपी आहे. पुढच्या कारने ब्रेक लावला की मागची कॅराव्हॅन पुढे सरकायला बघते. हूकजवळचा दांडा त्या धक्क्याने आत सरकतो आणि तोच दांडा मागच्या चाकांचे ब्रेक दाबतो. म्हणजे मागचं ओझं जितकं जोरात ढकलेल, तितकं ते स्वतःलाच थांबवेल. इलेक्ट्रॉनिक्स नाही, कारपासून कुठली पाइप नाही. अडचणी आहेत. रिव्हर्स घेताना हाच ब्रेक अडकतो, त्यासाठी वेगळी सोय लागते. आपल्या ट्रॉल्या फार जड, त्यांना हायड्रॉलिक किंवा एअर ब्रेकच लागेल. दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत तो न्यायचा कसा, धुळीत आणि चिखलात तो टिकेल कसा, गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात दुरुस्त होईल का, आणि किंमत ट्रॉलीवाल्याला परवडेल का? हेच तर इंजिनिअरिंगचे प्रश्न आहेत! पुस्तकात उत्तर नाही म्हणूनच ते करायचे.

ब्रेक जमेपर्यंत लहान गोष्टी आहेत. कॅराव्हॅनला एक तार असते. हूक तुटून गाडी सुटली तर ती तार हँडब्रेक ओढते आणि मगच तुटते. आपल्या ट्रॉलीला निदान एक जाड सेफ्टी चेन तरी असावी. हूकची पिन झिजून भोक मोठं झालेलं असतं आणि ट्रॉली प्रत्येक खड्ड्यात हिसके देते. ती पिन हंगामाच्या आधी बदलायला किती खर्च येतो? चढ-उतारावर थांबलं तर चाकाला लावायला दगड शोधत फिरण्यापेक्षा लाकडाचा ठोकळा बरोबर ठेवायला काय हरकत आहे? आणि हूकवरचा भार मोजायला एक स्वस्त काटा, ज्यावर फक्त हिरवं, पिवळं, लाल एवढंच दिसेल. पूर्वी बैलाची मान जे सांगायची, ते सांगणारा काटा. दोन लोडसेल आणि थोडं डोकं, एवढ्यावर तो होईल.

एनएसएसचा कॅम्प दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात जातो. आपण तिथे झाडं लावतो, रस्ता झाडतो, पथनाट्य करतो. यंदा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दिवस ट्रॉल्या तपासायला घालवू या. पिन, चेन, टायर, मागचा लाल दिवा, ब्रेकच्या पॅडलची पट्टी. ड्रायव्हरशी बोलू या, पण शिकवायच्या थाटात नको. उतार कुठला वाईट, वळण कुठलं वाईट, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. ते सगळं लिहून घेऊ, आपलं गणित त्याच्या शेजारी मांडू, आणि दोन्ही घेऊन कारखान्याच्या कार्यालयात जाऊ. ऐकून घेतील की नाही ते पुढचं पुढे. पण "तुमच्याच काट्यावरचे आकडे आहेत" असं म्हटल्यावर त्यांना एकदम उडवून लावता येणार नाही.

शहरातल्या माझ्या काही मैत्रिणींना हा विषय गावठी वाटेल. त्यांना एकच सांगते. तुमच्या चहातली साखर याच ट्रॉलीतून आली आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुणे-सोलापूर-हैदराबाद हायवेवर रात्री तुमच्या गाडीपुढे काळोखात काहीतरी हलताना दिसेल, ते हेच असेल. तेव्हा हॉर्न वाजवून शिव्या देण्याआधी थोडा वेग कमी करा आणि मनात एक आकडा आठवा : तीस मीटर. तो थांबू शकत नाही. तुम्ही थांबू शकता.

आपण इंजिनिअर होणार आहोत, म्हणजे वजन उचलणारी नाही, वजन कुठे ठेवायचं हे सांगणारी माणसं होणार आहोत. निदान आपल्या गावच्या रस्त्यापुरतं तरी ते सांगायला सुरुवात करू या. पटलं तर प्रोजेक्टसाठी टीममध्ये या, दोन जागा अजून रिकाम्या आहेत!